चौदा पॉइंटांत

किंमत ठरते बाहेर, लॉटवर, बॉनेटला कोपर टेकून.
माझ्या टेबलाशी येईतो
हात मिळवून झालेले असतात, किल्ली खिशात गेलेली,
पोरं मागच्या सीटवर बसून कोण कुठे ते ठरवून मोकळी.
मी फक्त कागद करते.

टायटल, ओडोमीटरचा दाखला, टॅक्सचा तक्ता,
तात्पुरती नंबरप्लेट.
एकदा घड्याळ लावून पाहिलं, कुणाला न सांगता:
एकोणीस मिनिटं.
प्रिंटर अडला तर तेवीस.
आणि खालून तिसऱ्या ओळीत
आधीच छापून येणारे सातशे नव्याण्णव डॉलर,
डॉक्युमेंट फी.
छापलेला आकडा घरंदाज दिसतो,
त्याच्याशी कुणी घासाघीस करत नाही.

ऑरिन टॅकेटनं केली.
एकाहत्तरीचा वेल्डर, नखांत अजून काळं.
नातीसाठी वापरलेली टोयोटा घेत होता,
तिला नर्सिंगला प्रवेश मिळालेला, बत्तीस मैलांवर.
चष्मा कपाळावर सरकवून त्यानं कागद नाकाशी नेला.
"बाई, हे सरकार घेतं?"

मी म्हटलं, "सगळ्यांनाच लागतं."

खोटं नव्हतं ते.
अकरा वर्षं घासून घासून हे वाक्य मी
इतकं गुळगुळीत केलंय
की माणूस त्यावरून घसरतो, पण खरचटत नाही.
खरं उत्तर त्याच पानाच्या पाठीवर होतं,
सहा पॉइंटांत, करड्या शाईत,
मुंग्यांनी आपापसात बोलावं तसं.

"पुलापलीकडे दीडशेच्या वर घेता येत नाही म्हणे."
"ते राज्य वेगळं, मिस्टर टॅकेट,"
ब्रेंट दारातूनच म्हणाला, आमचा मॅनेजर.
नदी तर एकच. रकानेही तेच.
मधल्या पुलावर कागद कुठल्या खांबाशी स्वस्त होतो
हे मी कितीदा गाडी हळू करून बघितलंय.

त्यानं चेक लिहिला.
अक्षरी रकमेत, 'सातशे'पाशी, पेन जरा थांबलं.
मी प्रिंटरकडे बघत राहिले.

जानेवारीत आमच्याकडेही कायदा आला.
वाटलं होतं, आकड्यावर झाकण बसेल.
पण ते कलम कमिटीत शिरलं
आणि बाहेर आलंच नाही.
उरलं ते एवढं: घ्या हवी तेवढी, फक्त सगळ्यांकडून सारखी.
आणि करारावर, शिवाय भिंतीवर, चौकटीत एक वाक्य,
चौदा पॉइंटांहून लहान नाही:
ही फी सरकारी नाही. ती घ्यावी असं कुठलाही कायदा सांगत नाही.

"अक्षरंच मोठी करायचीत ना?" ब्रेंट हसला. "कर."
मी सहा खोडून चौदा टाइप केलं.
पाटी त्यानं लावली कॉफी मशीनच्या बाजूला,
रबराच्या झाडाआड.
झाडाला तिथे ऊन मिळत नव्हतं.
मी ते हलवलं.

मार्चमध्ये होदान वारसामे आली, मिनीव्हॅनसाठी,
सोबत तिचा गुलेद, सात वर्षांचा,
नुकताच वाचायला लागलेला, म्हणजे काहीही वाचणारा:
कॉफीच्या कपावरचं, बाहेर जायच्या दारावरचं.
चौदा पॉइंट म्हणजे त्याच्या पुस्तकातलीच अक्षरं.
बोट ठेवून, एकेक शब्द सुटा करत
त्यानं चौकट अख्खी वाचली,
'कायदा'ला अडखळला, परत आला, पार केला.

शोरूममध्ये तेवढ्यापुरतं कुणी काही विकत नव्हतं.

होदान माझ्याकडे वळली. तोच प्रश्न.
"नाही," मी म्हटलं. "आम्ही घेतो."
"कमी होईल?"
"मला करता येत नाही."
तिनं कागदाची घडी घातली, पोराचा हात धरला.
"पूल किती लांब?"
"नऊ मिनिटं. सिग्नल लागला नाही तर."

ब्रेंट दिवसभर बोलला नाही माझ्याशी.
संध्याकाळी झाड पुन्हा पाटीपुढे.
सकाळी मी पुन्हा उन्हात.

ऑरिन टॅकेटचा नंबर फाइलीत आहे.
काढून ठेवलाय, कीबोर्डखाली.
फोन अजून केलेला नाही.